पिट्टा दुसऱ्या भागात नाही

काचीगुडा, हैदराबाद
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय भामा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. मायना वाचून आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं की काय. ते असो.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे वर्षभर दुखतात, पण चकल्या तळायच्या म्हटलं की कसे काय की आपोआप बरे होतात. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फराळ बाधलेल्यांची रांग लागली आहे आणि मी नंबर पुकारून पुकारून घसा बसवून घेतला आहे. कोठीच्या बाजारात दिवाळीच्या गर्दीत माझी चप्पल तुटली, नवी घेतली, ती चावते. तुझी तब्येत सांभाळ. सातवा संपत आला, जिना उतरताना कठडा धरत जा. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंस ते बरंच केलंस. तिथं सोयी चांगल्या असतील.

आता सिनेमाचं. बघितला. काल, एकटीने. एका शब्दात विचारशील तर बैंगन! पार टाकाऊ.

अगं, काय करून ठेवलंय त्यांनी आपल्या मेरुपुराणीचं, विजेच्या राणीचं! म्हणे ती अमेरिकेहून शिकून आली आहे. विमानातून उतरते तीच जीन्स घालून, हातात थंड पेयाची बाटली. ती बाटली तिने इतक्यांदा तोंडाला लावली की मला वाटलं, वीज आता त्यातूनच येते की काय. आणि कंबरपट्टा? पट्ट्याला चेन लावली आहे, भामा! पर्सला असते तशी, बाजूला. सर्रकन ओढली, एक बटण दाबलं, झाली उडायला मोकळी. मी तर कपाळावर हातच मारून घेतला.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते, कारण हल्ली तुला बरंच काही आठवत नाही. पहिल्या भागात तो रेशमी पट्टा दुसऱ्या कुणी तरी पाठीमागून गाठ मारून बांधला, तरच तिच्या अंगात वीज यायची. स्वतःच्या हाताने बांधला तर नुसतं कापड. आणि गाठ मारायला कोण होती? फुलवालीची बुटकी पोर, पिट्टा. पिट्टा म्हणजे तेलुगूत पाखरू, हे तुला मीच सांगितलं होतं. गुंडांच्या पायांमधून, पोलिसांच्या जीपखालून, कुठून कुठून घुसत यायची, गाठ मारायची आणि ओरडायची, "एगुरु!" उड! सगळं टॉकीज तिच्याबरोबर ओरडायचं. आपण दोघी तर खुर्चीवर उभ्या राहायचो आणि मागच्या बायका आपल्याला शिव्या घालायच्या. शाळेच्या गॅदरिंगला तू बाकावर उभी राहिलीस, मी मागून गाठ मारली आणि तू उडी मारलीस ती थेट मुख्याध्यापकांच्या मांडीवर. तेव्हापासून तू मेरुपुराणी आणि मी पिट्टा. उंचीच तशी होती ना दोघींची.

तर या भागात पिट्टा नाही.

मेली म्हणा, लग्न झालं म्हणा, गावाला गेली म्हणा, काही तरी सांगायचं की नाही माणसाने? एक शब्द नाही. मेरुपुराणी एकदासुद्धा कुणाला विचारत नाही की बाबा, माझी पिट्टा कुठं आहे. तिच्या जागी एक नवीनच बाई आणून ठेवली आहे. प्रयोगशाळेत काम करते, केस कापलेले, स्कूटर उडवत येते, इंग्रजीत फाडफाड बोलते. चेन तिनेच बनवली, बटणंही तिनेच बनवली. मेरुपुराणी तिच्या गळ्यात हात टाकून खिदळत असते. मला तर ती पहिल्या सीनपासून डोक्यात गेली. तू म्हणशील, ही रसिकासारखी दिसते की. मी काही म्हटलेलं नाही. तूच लिहिलंयस की तिने केस कापलेत आणि ती तुला स्कूटरवरून फिरवते. सातव्या महिन्यात! तुझ्या प्रशांतरावांना चालतं का हे? त्यांची चुलत बहीण म्हणजे तिला सगळं माफच असेल.

खोटं कशाला बोलू, एक सीन मात्र चांगला आहे. धरणाच्या भिंतीवर ती एकटी उभी राहते. गाणं नाही, डायलॉग नाही, नुसता वारा आणि तिचा तो चेहरा. अगदी पहिल्या भागातली, आपली. माझ्या अंगावर काटा आला. मी शिट्टी मारली, हो, एकटीने बसून, साडी नेसून. शेजारचे काका बघतच राहिले. आणि मग तिने चेन ओढली. असा राग आला म्हणून सांगू! सिनेमा सगळाच वाईट असता तर परवडलं असतं, निवांत शिव्या घालत घरी आले असते. पण ती अजून तशीच आहे गं. तेवढीच छान आहे. फक्त तिला पिट्टा लागत नाही.

तू लिहिलंस, "रसिकाला सिनेमा फार आवडला, तिच्या मते पहिल्या भागापेक्षा हा स्मार्ट आहे." पहिला भाग बघितलाय का तिने? तूच पुढच्या ओळीत लिहिलंयस की तिने तो बघितलेला नाही! मग कशापेक्षा स्मार्ट, काय की. आणि तुम्ही दोघींनी तो पुण्यात हिंदीत डब केलेला बघितला. "एगुरु"चं त्यांनी "उड जा" केलं असेल. शी! थिएटरात एसी होता, कणीस भाजायच्या ऐवजी फुलवून देतात, मध्यंतरात तिने तुला ज्यूस आणून दिला, जिन्यावर हात धरला, सगळं वाचलं. तिने तुझ्यासाठी बाळंतपणानंतर पोटाला बांधायचा परदेशी पट्टासुद्धा आणून ठेवलाय, हुकांचा, एकटीला लावता येतो असा. हुशार बाई आहे. बारशाला बाळाच्या कानात नावही तीच सांगणार. बरोबरच आहे, प्रशांतरावांना सख्खी बहीण नाही, चुलत का होईना, आत्या तीच.

मला एवढंच म्हणायचं होतं की सिनेमा इथं दिवाळीच्या आधीच लागला होता. दवाखान्यातल्या सगळ्या बघून आल्या. मला चल चल म्हणाल्या. मी नक्को म्हणाले. म्हटलं, डिसेंबरात आमची भामा बाळंतपणाला माहेरी येणार आहे, तिच्याबरोबर बघीन. तिला कडेची खुर्ची धरून ठेवायची, उठायला-बसायला सोपी पडते. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं होतं की हिला रांगेत बसवायचं नाही. आणि

(इथं आईने हाक मारली. उरलेलं नंतर लिहिते.)

गुरुवार, २१ नोव्हेंबर

भामा,

वरचं सगळं वाचलं आणि फाडून टाकावं असं वाटलं. मग म्हटलं, राहू दे. खरं आहे ते.

मधे एक गोष्ट झाली. मंगळवारी काकू आल्या आमच्याकडे, तुझी आई. बेगम बाजारातून येत होत्या, पिशवीत डिंक, खारीक, खोबरं. पुण्याला न्यायचं म्हणे सगळं. बोलताना नेहमीसारख्याच होत्या, पण खारका निवडता निवडता एकदम म्हणाल्या, "तुमच्या त्या उडणाऱ्या बाईचा सिनेमा लागलाय म्हणं. मला दाखवतीस का? पोरीनं बघितलाय, पत्रात लई लिहिलंय. मला तिच्यासंगं बघायचा होता." काकूंनाही त्यांच्या घरात पाळणा बांधायचा होता गं. एकनाथकाकांनी छताला नवा हूक ठोकून घेतलाय, तो तसाच आहे. हे मी तुला सांगायचं नव्हतं. सांगितलं.

तर काल मी तो बैंगनाचा सिनेमा दुसऱ्यांदा बघितला, काकूंबरोबर. काकूंनी पहिला भाग आपल्याबरोबर बघितला होता, आठवतं? सगळा वेळ आपल्याला खाली बसा, खाली बसा म्हणत होत्या. काल खाली बसा म्हणायला कुणी उभंच राहिलं नाही. ती प्रयोगशाळेतली आली तर मला कोपर मारून विचारतात, "ही कोण गं?" मी म्हटलं, नवीन आहे. थोड्या वेळाने पुन्हा, "अन् ती दुसरी पोरगी? ती बुटकी? येईना कशी अजून?" मी म्हटलं, काकू, ती नाही या भागात. "असं कसं? यायली असंल. गाठ कोण मारणार मग?"

सिनेमा संपला, पाटी आली, लोक उठले, झाडूवाली बाई आत आली, तरी काकू जागच्या हलेनात. मी म्हटलं, चला. तर म्हणतात, "थांब गं जरा. येईल ती."

मग मला जे रडू कोसळलं ते काही केल्या थांबेना. त्या झाडूवालीने बिचारीने समोरची रांग झाडायची सोडून दिली. काकूंना वाटलं पोटात दुखतंय. मी बोलून टाकलं सगळं. म्हटलं, काकू, मला तिचा मत्सर वाटतो. रसिकाचा. मी तिला बघितलं नाही, तिने माझं काही वाईट केलं नाही, आणि तरी तिची स्कूटर बंद पडावी असं मला रोज वाटतं. म्हटलं, भामाने या वेळी पत्राला "प्रिय ज्योती" असा मायना घातला. इतकी वर्षं "प्रिय पिट्टा" लिहायची. लग्नानंतरही लिहायची. आता माझं चांगलं नाव वापरते, जसं काही मी तिच्या ओळखीची कुणी बाई आहे.

काकूंनी ऐकून घेतलं. समजूत वगैरे काही घातली नाही, तुला माहीतच आहे तुझी आई. रिक्षात बसल्यावर पिशवीतून एक गाठोडं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. लाल लुगडं. तेच! आपण गॅदरिंगला मेरुपुराणीच्या पट्ट्यासाठी ज्याचा काठ फाडला होता आणि दोघींनी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता, ते. उरलेलं त्यांनी इतकी वर्षं नेसून नेसून असं नरम केलंय की हाताला लागत नाही. म्हणाल्या, "ह्याच्या पट्ट्या फाडायच्यात. बाळंतिणीचं पोट बांधाया. माझ्या वेळी माझ्या मायनं बांधलं होतं. रोज सकाळी शेक-मालिश झाली की पाठीमागून आवळून गाठ. पण माझी बोटं बघ."

मी बघितली. भामा, त्या आल्यावर तू बघशीलच म्हणून काकूंनी तुला लिहिलं नसेल, पण त्यांची बोटं वळत नाहीत आता. रिक्षावाल्याला द्यायची नोटसुद्धा मलाच उलगडायला सांगतात. "लाडू होतील माझ्यानं," म्हणाल्या, "पण गाठ काय बसायची नाही. ती तू मार. बाळ झालं की ये अन् चांगलं बारशापस्तोर राहा. तुला बोलवायला पोरीच्या पत्राची वाट बघतीस का? मी बोलावते की."

मी म्हटलं, काकू, तिच्याकडे हुकांचा पट्टा आहे. परदेशी. एकटीला लावता येतो. काकू म्हणाल्या, "येत असंल. बाळंतिणीनं एकटीनं कशाला लावायचं?"

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे रजा मागितली. त्यांनी आधी चष्म्यावरून बघितलं, मग म्हणाल्या, "पोट बांधता येतं का तुला नीट? ये इकडे." आणि नर्सच्या पोटाला बांधून दाखवायला लावलं. फार घट्ट नको, श्वास घेता आला पाहिजे, टाके असतील तर थांबायचं, सगळं शिकवलं. माझी गाठ बघून म्हणाल्या, हे कुठं शिकलीस? मी म्हटलं, टॉकीजमध्ये.

तर बाळ झालं की प्रशांतरावांना दवाखान्याच्या नंबरावर फोन करायला सांग. मी सिकंदराबादहून मिळेल ती गाडी धरून येते. लुगड्याच्या पट्ट्या धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. काकू त्याआधीच पोचतील, डिंकाचे लाडू त्यांच्याबरोबर येतील. त्यातले रसिकालाही दे. हे मी मनापासून लिहिलेलं नाही, पण दे. तिने जिन्यावर तुझा हात धरला, ते मी विसरलेले नाही. तिथं मी नव्हते, कुणी तरी धरायलाच हवा होता.

बाळाच्या कानात नाव तीच सांगू दे. स्कूटर तिची, ज्यूस तिचा, आत्याची साडीही तिलाच नेसव. तिचं बटणवालं डोकं आहे, ते चालू दे. माझा राग अजून गेलेला नाही आणि पुण्यात येऊन तिला बघितलं की तो जाईल असंही मला वाटत नाही. उलट ती गोरी आणि गोड निघाली तर आणखी वाढेल. तुला चालवून घ्यावं लागेल. पण तो हुकांचा पट्टा खोक्यातून बाहेर काढू नकोस, मेरुपुराणी. गाठ मी मारणार.

पोचतेच आहे,
तू मायन्यात काहीही लिही,
तुझी
पिट्टा