छापून झाल्यावर

वुडलँड्स, सोमवार सकाळ

प्रिय क्षिप्रा,

तू पाठवलेली नकाशाची प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली आहे, त्यामुळे आई आणि मी ताटं मांडीवर घेऊन जेवतो. जन्मभर जहाजावर नकाशे वापरले, पण ते काढणाऱ्याचा विचार पाचशे वर्षांपूर्वीच्या तुझ्या त्या वाल्डझेम्युलरमुळे पहिल्यांदा केला. खाटकाचा मुलगा, तू राहतेस त्याच फ्रायबुर्गला शिकलेला. समुद्रापासून दूर, डोंगरातल्या गावी बसून खलाशांच्या वर्णनांवरून जग मांडत होता. आपल्या इकडचा, पूर्वेचा किनारा त्याने इतका भलता काढलाय, की त्याच्या भरवशावर मी जहाज नक्की खडकावर घातलं असतं.

तरी माणूस मला आवडला. नव्या भूमीला त्याने व्हेस्पुची या दर्यावर्दीच्या पहिल्या नावावरून ‘अमेरिका’ नाव दिलं, लाकडात कोरलं, छापलं. काही वर्षांनी पुढच्या नकाशातून ते नाव गाळलं आणि शोधाचं श्रेय कोलंबसला दिलं. नंतर तर आपला जुना नकाशा चुकांनी भरलेला होता, असं वाचकांना सरळ सांगून टाकलं. लोकांनी ऐकलं नाही. तो गेला आणि नाव राहिलं.

हे सगळं तूच मला फोनवर सांगितलंस. मग म्हणालीस, “बाबा, रुचिर चांगला आहे. पण मला हे लग्न नको आहे.” दुसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, विसरा ते, पत्रिका वाटून झाल्यात, आईला लोकांत तोंड दाखवता येणार नाही. आईला मी दोन्ही दिवसांचं बोलणं सांगितलं आणि रुचिरच्या घरी जाऊन लग्न मोडून येतो म्हटलं. तिने निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, चला, मीपण येते.

काल आम्ही बिशानला त्यांच्या घरी गेलो. रुचिरच्या आईने चहा केला. तो कुणीच प्यायलं नाही. त्याच्या वडिलांचा, मनोहररावांचा आवाज चढला नाही, त्याचंच जास्त लागलं. “घरोघरी पत्रिका गेल्यात, विश्वास,” ते म्हणाले. मी म्हटलं, “त्या प्रत्येक घरी मी स्वतः जाईन.” रुचिर आपल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याच्याशी मात्र तुलाच बोलायला हवं; तेवढं मला तुझ्यासाठी करता येणार नाही.

त्यांच्याकडे जाण्याआधी तुला विचारलं नाही. विचारलं असतं, तर आमच्यासाठी तू लग्नाला पुन्हा हो म्हणाली असतीस.

तुझाच,
बाबा