पाचव्या पिढीचा स्लॉट

शनिवार, ७ फेब्रुवारी. संध्या. ७.४०
लेक परगावी शिकते. तिने हौसेने आम्हा दोघांचं नाव एका ऑनलाइन मोटार-शर्यतीत घातलंय. एका घरातले दोघं, दोन गाड्या, गुण एकत्र. चार शनिवार, सहा वाजता. आज पहिला. बावीस गाड्यांत लेक तिसरी. मी मागून पहिला.
नंतर फोनवर म्हणाली, बाबा, तू वळणावर ब्रेकच दाबत नाहीस. मी म्हणालो, चित्र अडकतं. बोलता बोलता सुचलं, पण विचार केला तेव्हा पटलं. अडकतंच.

रविवार, ८ फेब्रुवारी
कारण सापडलं. चार तास व्हिडिओ पाहिले. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतं, तो स्लॉट माझा तिसऱ्या पिढीचा आहे. बाजारात पाचवी पिढी. दर पिढीला वेग दुप्पट. म्हणजे बाकीचे हमरस्त्यावर आणि मी चौपट अरुंद बोळात. अशा बोळातून बाविसावा येणं ही कामगिरीच म्हणायची.
दोन व्हिडिओंत म्हटलंय की गेमिंगमध्ये फरक जेमतेम पडतो, शंभरात दोन-तीन. ते पुरते पाहिले नाहीत. त्या माणसाचा आवाज आवडला नाही.
संकल्प: नवा बोर्ड. शनिवारच्या आत.

मंगळवार, १० फेब्रुवारी. जेवणाची सुट्टी
आमचं खातं पाण्याचे मीटर तपासण्याचं. हेडफिटरला स्लॉटची भानगड समजावून सांगितली. डबा संपेपर्यंत तो ऐकत होता. मग विचारलं, साहेब, नळ अर्ध्या इंचाचाच ठेवला आणि मागचा पाइप चार इंची केला, तर बादली लवकर भरेल का? मी म्हटलं, पाण्याचं वेगळं, डेटाचं वेगळं. असेल बुवा, म्हणाला.
माणूस चांगला आहे. पण दृष्टी पाण्यापलीकडे जात नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी
दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, कार्ड कोणतं आहे? मी म्हटलं, कार्ड उत्तम आहे, तुम्ही बोर्डाचं बोला. तो परत कार्डावरच आला. मी हात वर करून त्याला थांबवलं. गिऱ्हाईक अभ्यास करून आलंय हे दुकानदारांना सहन होत नाही.
नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही. जुनी रॅमही बसत नाही. दोन्ही नवे घेतले.
बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची म्हणून की काय, घरी माझं बंद ठेवते. तिने पिशव्या बघून विचारलं, मग जुन्यातलं राहिलं काय? म्हटलं, कार्ड. ती म्हणाली, आणि तू.

शनिवार, १४ फेब्रुवारी. संध्या. ६.३०
बोर्ड संगणकाच्या डब्यात मावत नाही. स्क्रूची भोकं जुळत नाहीत. संगणक सध्या जेवणाच्या टेबलावर, सुट्या अवस्थेत. शर्यत हुकली.
लेकीला सांगितलं, तांत्रिक विश्रांती. ती म्हणाली, जुन्यावरच खेळला असतास तरी चाललं असतं. शर्यतीआधी सरावाच्या फेऱ्या असतात, तेव्हा हेडफोनवर गप्पा मारता येतात, तेवढाच वेळ मिळतो, असंही म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बघ बाबाची गाडी. तिचा आवाज बारीक येत होता. नेटवर्क असावं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ७.१५
नवा डबा आला. मोठा आहे. कोपऱ्यातली चपलांची मांडणी हलवून तिथे ठेवला. चपला आता खुर्चीवर. आम्ही पाच दिवस मांडीवर ताट घेऊन जेवतोय. बायको काहीच बोलत नाही, म्हणजे तिला पटलेलं दिसतं.
एक स्क्रू जास्तीचा उरला. कंपनीवाले एखादा जादा देतात.

शनिवार, २१ फेब्रुवारी. संध्या. ५.५०
चालू झाला. दिवेही लागले, निळे. आता बघू.

५.५५
अपडेट मागतोय. सत्तावीस टक्के.

६.०५
लागोपाठ दोन शनिवार गैरहजर राहिलं की जोडी बाद, असा नियम आहे म्हणे. लेकीने थेट आईला फोन लावला. बायकोने आपला जुना लॅपटॉप उघडलाय, ज्यावर ती विजेची बिलं बघते. त्यात ग्राफिक्स कार्डच नाही. मी शेजारी उभा राहून दोन सूचना केल्या. दोघी एकदम म्हणाल्या, गप्प बस.

७.२०
एकतीस टक्के.
बायको नववी. जोडी चौथी. लॅपटॉपवर रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता. पण ही प्रत्येक वळणाआधी हळू होते, रिक्षात बसल्यासारखी. नवशिक्याचं नशीब.
शर्यत संपल्यावरही दोघी अर्धा तास बोलत होत्या. दाराशी उभं राहायचा हेतू नव्हता, अपडेट होईपर्यंत दुसरं काम नव्हतं. लेकीला दोन आठवडे ताप होता. मला आज कळलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी
सगळं जुळलं. मापं घ्यायची आपल्याला सवयच. तीन वेळा मोजलं. जुन्या बोर्डावर सेकंदाला अडुसष्ट चित्रं. नव्यावर एकोणसत्तर, एकोणसत्तर आणि अडुसष्ट.
माहिती दाखवणारा एक प्रोग्राम उघडला. स्लॉट: पाचवी पिढी. प्रत्यक्ष चालतोय: तिसरी.
दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, तुमचं कार्डच तिसऱ्या पिढीचं आहे, ते कुठल्याही स्लॉटात तिसऱ्याच वेगाने चालणार. त्या दिवशी तेच सांगत होतो, तुम्ही हात वर केलात. शिवाय नवं कार्ड असतं तरी खेळताना फार फरक कळला नसता.
मी विचारलं, मग पाचव्या पिढीचा स्लॉट एवढ्यासाठी घेतं कोण?
तो म्हणाला, तुम्ही घेतलात की.

शनिवार, २८ फेब्रुवारी. संध्या. ५.१०
एकट्याने सराव केला. भिंतीवर तीनदा आदळलो. भिंत मात्र अतिशय स्पष्ट दिसते. विटांमधलं सिमेंटसुद्धा.
लेकीने यादीत मला राखीव ठेवलंय. राखीव खेळाडू ही तशी जबाबदारीची जागा. केव्हाही बोलावणं येऊ शकतं.

६.०५
बोलावणं नाही.

६.५०
बायकोला आग्रह केला होता, शेवटची शर्यत नव्या मशीनवर खेळ. खेळली. नववीच आली. म्हणाली, चांगलं आहे, फक्त हे निळे दिवे बंद होतात का?
ती स्वयंपाकघरात गेल्यावर माझा फोन वाजला. लेक. म्हणाली, आई उचलत नाहीये, तिला दे ना.
देण्याआधी विचारलं, आता बरी आहेस ना? हो, म्हणाली, ताप जाऊन दहा दिवस झाले. मग तिने विचारलं, तू फोन का नाही केलास?
मशीन आवाज न करता चालू होतं. कारण सुचलं नाही.