फिनलंडातल्या बाया आणि तुझी तिफण

माय, फिनलंड नावाचा एक देश आहे, लई लांब. तिथं कंबरेएवढा बर्फ पडतो, आणि तू तर आपल्या पौषातल्या गारठ्यातसुद्धा शेकोटी सोडायची नाहीस! केजला आमचं बायकांचं वाचक मंडळ आहे. सध्या तिकडच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद वाचतोय आम्ही, लढाईच्या काळातल्या बायकांच्या गोष्टी. नावं उच्चारताना जीभ अडखळते, पण माणसं ओळखीची वाटतात. पहिल्याच कादंबरीत नवरा आघाडीवर जातो आणि बायको घोडा जुंपून रान नांगरते. ते पान वाचताना गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी जागची हलले नाही. मला तूच दिसत होतीस.

मी चौथीत असेन तेव्हा. आबा फौजेत, सीमेवर लढाई पेटायच्या बेतात, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. इकडं उमापूरच्या आपल्या रानातली ज्वारीच्या पेरणीची ओल उडून चाललेली, आणि काका म्हणतात, "माझं उरकलं की बघू." तिफण, म्हणजे पेरणीचं औत, बाईनं धरायचं नाही हा गावचा दंडक. तू पदर खोचतेस, बैल जुंपतेस, एका हातानं तिफण दाबतेस आणि दुसऱ्या हातानं बी सोडत निघतेस. शेजारची म्हातारी धावत बांधावर येते.

"अगं, कावून असं करतीस? नवरा तिकडं लढाईवर, अन् तू औताला हात लावतीस? अपशकुन हाय ह्यो!"

"ते येईपर्यंत ओल थांबती का? थांबत असंल तर सांगा, आत्ताच सोडते बैल."

म्हातारी आली तशी बांधावरून माघारी फिरली.

आबा सुखरूप आले तेव्हा ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. पारावर काका म्हणाले, "दादा, तुजं रान पेरून दिलं बरं का." ज्यांनी बघितलं होतं तेही गप्प बसले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी चिडून विचारलं तर म्हणालीस, "पीक आलं ना? मंग झालं तर. नवऱ्याची मान खाली जाईल असं बोलू न्हाई." मला नाही पटलं. फिनलंडातली ती बाईसुद्धा नवरा परतल्यावर लगाम त्याच्या हाती देते आणि गप्प राहते. मी पुस्तकावरच खेकसले, "बोल की गं, बये!"

परवा मंडळाचा कार्यक्रम होता. पाहुणा म्हणून काकांचा थोरला आलेला, आता मोठा पुढारी आहे. माईकवर म्हणतो, "फिनलंडच्या बायका कशाला? आमचे मोठे चुलते लढाईवर होते तेव्हा त्यांचं रान माझ्या वडलांनी पेरलं. आपल्याकडं बायकांवर तशी वेळच येत न्हाई." माय, डोकंच सणकलं माझं. तो भाऊ आहे, राखी बांधते मी त्याला. पण तेव्हा गप्प बसले असते तर तुझी ती पेरणी कायमची काकांच्या नावावर गेली असती. मी उठले आणि भर सभेत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आमाला हे कुणी सांगितलंच न्हाई." मी म्हटलं, "आता सांगितलं ना!" मग त्यानंच माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "ते रान आमच्या चुलतीनं पेरलं होतं." टाळ्या काही थांबेनात.

अभिमानानं ऊर भरून आला माझा. तू गेलीस तिथं हे पत्र काही धाडता यायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. टाळ्या तुझ्या होत्या, पण घेतल्या मी. आणि खाली बसायला मुद्दाम उशीर केला.