आप्पांच्या अंगठीची तपासणी

आप्पा, तुमच्या अंगठीतला हिरा खरा आहे.

हे मला बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी कळलं. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आईही दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे आता हे ऐकून जीव हलका होईल असं आपल्या घरात कुणी उरलेलं नाही. तुमच्या नातीचा साखरपुडा ठरलाय. तिच्यासाठी दुकानातून हिरा घेतला आणि माझ्या सवयीप्रमाणे तो बाहेरच्या लॅबमध्ये तपासायला नेला. आता हिऱ्यांच्या धंद्यात मी जुनी झालेय. येईल त्याला सांगते, विकणाऱ्याचं ऐकू नका, नातेवाइकाचंही ऐकू नका, ज्याला तो हिरा ना विकायचाय ना विकत घ्यायचाय अशा माणसाला दाखवा. निघताना पोरीने आईच्या डब्यातली तुमची अंगठी पर्समध्ये टाकली. म्हणाली, "चल ना, आजोबांची खोटी अंगठी पण दाखवू, गंमत."

काउंटरवरच्या बाईंनी अंगठी घेतली आणि सगळ्यात आधी स्पिरिटच्या कापसाने पुसली. कापूस पिवळा झाला. "हळद आहे का?" त्यांनी विचारलं. आप्पा, मशीनमध्ये ठेवायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

चोवीस वर्षांपूर्वीची, सुरतेच्या पांडेसऱ्यातली आपली खोली आठवते. तुम्ही मिलमधून आलाय, हात मनगटापर्यंत निळे, त्या आठवड्यात निळा रंग चालू आहे. आई स्टोव्हशेजारच्या फळीवरून, देवापुढून अंगठी उचलते. घरात आलेला नवा दागिना आधी देवाचा, मग माणसाचा, ही आपल्याकडची रीत. आईने तुपात कालवलेली हळद बोटाने खड्यालाच लावली होती आणि दोन दिवसांनी पदराने जमेल तशी पुसली. अंगठी माझ्या लग्नासाठी. खडा काकांनी आणून दिलेला. काका म्हणजे तुमच्याबरोबर अमळनेरकडून एकाच पिशवीत दोघांचे कपडे घेऊन सुरतेला आलेला तुमचा दोस्त. तुम्ही कापडाच्या रंगात गेलात, ते हिरे घासायच्या घंटीवर बसले. दर रविवारी आपल्याकडे कळण्याची भाकर खायला यायचे आणि मिरची कमी आहे म्हणून आईला चिडवायचे.

मी तेव्हा हिऱ्याच्या ऑफिसात लागून तीन महिने झाले होते. रंगाप्रमाणे खडे वेगळे करायचे, एवढंच काम. पण अंगात वारं शिरलं होतं. मी विचारलं, "आप्पा, कुणाला दाखवून घेतला का?" तुम्ही हसलात. "घरना माणूसनी दिधं, ते काय दखाडानं?" मला त्या हसण्याचा राग आला. तुमचा भोळेपणा, तुमचे निळे हात, सगळ्याचीच मला तेव्हा लाज वाटायची. मी पर्समधून भिंग काढलं. खडा मंद दिसला, पिवळट दिसला. फुंकर मारली तर वाफ लगेच उडाली नाही, धरून राहिली. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही, हे मी नुकतंच शिकले होते. खडा आधी स्वच्छ पुसायचा आणि मग बघायचा, हे त्याच्याही आधी शिकवलं होतं, ते विसरले. तूप हिऱ्याला इतकं घट्ट धरतं की पदराने निघत नाही, हे तर घंटीवरचं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणाले, "हा हिरा नाही. फसवलं तुम्हाला." म्हणताना मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन काकांकडे गेलात. त्यांनी अंगठी हातातही घेतली नाही. "कोठेबी दखाडी ले, भाऊ," एवढंच म्हणाले. आणि तुम्ही म्हणालात, "मनी पोर तेच काम करस. ती खोटं बोलत नही." मी तुमच्या मागे उभी होते, ताठ. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तुम्हाला म्हणाले, "पोरले देल शे, ते परत लेत नही," आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर रविवारी आई भाकरी कमी थापायला लागली.

तुम्ही मात्र प्रत्येक गोष्ट मला दाखवायला लागलात. घड्याळ घेतलं तर मला दाखवायचं, डॉक्टरांनी गोळी बदलली तर मला दाखवायची. जन्मभर माणसावर विश्वास टाकून जगलेला माणूस भाजी घेतानाही दोनदा विचारायला लागला, आणि मला वाटायचं, आप्पा शहाणे झाले. तुम्हाला तापीकाठी नेलं तेव्हा काका स्मशानाच्या फाटकापाशी उभे होते. आत आले नाहीत. मी पाहिलं, आणि बोलावलं नाही.

लॅबचा कागद घेऊन मी मागच्या रविवारी सुरतेबाहेर कामरेजला गेले. काका तिथे मुलाकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत, कागद त्यांना वाचता आला नाही. मी वाचून दाखवला. पाय धरले. ते खूप वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग हळूच विचारलं, "भाऊले समजनं व्हतं का?"

मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आप्पा. मी म्हणाले, "हो काका, शेवटी कळलं होतं त्यांना."

त्यांचा चेहरा उजळला. क्षणभरच. मग तो हात माझ्या डोक्यावरच थांबला. "मंग तो काबर उना नही?"

कळलं होतं, तर तुम्ही त्यांच्याकडे का आला नाहीत. मी चहा अर्धा टाकून निघाले. त्या अंगठीपायी तुमचा मित्र मी एकदा तोडला होता, आता त्यांच्या मनात उरलेले तुम्हीही मीच खोटे पाडून आले. तुम्हाला कळलं नव्हतं, एवढंच जाऊन सांगायचं आहे. आज पुन्हा रविवार होता. रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याने "कुठे?" विचारलं, आणि मी कामरेजऐवजी बाजाराचं नाव सांगितलं.