मासा नसलेलं वर्ष

गल आर्म, न्यूफाउंडलंड
३ नोव्हेंबर २००४

चि. अ‍ॅम्ब्रोस यास फिलोमिनाताईचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

तुझ्या पुस्तकावरच्या रेडिओ-मुलाखतीची सीडी पोचली. आईने आणि मी ऐकली. आवाज काय लावला होतास रे, घसा बसलेल्या पाद्र्यासारखा. कॉड पकडण्यावर सरकारने बंदी घातली त्या वर्षी आमच्या घरात एकही मासा आला नाही, असं तू म्हणालास आणि मुलाखतवाल्या बाईंना हुंदका आला. आपल्याकडे मासा म्हणजे फक्त कॉड, सामन तो सामन आणि हेरिंग ती हेरिंग, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? तुला ठाऊक आहे. तुम्ही उपाशी झोपायचात का, असं तिने विचारल्यावर तू नुसता सुस्कारा सोडलास. सुस्काऱ्याला कोणी खोटं म्हणू शकत नाही, तेवढा हुशार तू आहेसच.

आता ती मुलाखत ऐकलेल्या लोकांकडून टोरांटोहून आईच्या नावाने सुपाचे डबे आणि वापरलेले स्वेटर येताहेत. पोस्टातल्या ब्राइडने खोकी सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. आयुष्यभर चर्चच्या पंगतीत वाढणारी बाई त्या दिवसापासून घराबाहेर पडलेली नाही. रेडिओवर जाऊन खरं काय ते सांग. एवढंच मागते.

अजून तरी तुझी,
ताई

टोरांटो
१५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू उगाच राईचा पर्वत करतेस. साहित्यात शब्दाला अनेक अर्थ असतात, आणि लोकांना जो भिडला तो मी कसा नाकारू? आता खुलासा केला तर पुस्तकाचा कणाच मोडेल, असं प्रकाशक म्हणतात.

पुढच्या आठवड्यात रेडिओची तीच मंडळी आईचा आवाज ध्वनिमुद्रित करायला तिकडे येताहेत. तिला जरा कमी बोलायला सांग; रेडिओवर शांतता फार परिणाम करते. टेबलावरही फारसं काही मांडू नका.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोस

गल आर्म
२८ नोव्हेंबर

चि. अ‍ॅम्ब्रोस यास,

मंडळी येऊन गेली. आईने टेबल भरून मांडलं: सामन, बरणीतला लॉबस्टर, मूस हरणाचं मटण, वर पाव. बाईंनी हळुवारपणे विचारलं, की त्या वर्षी टेबल असं नसेल ना. आई म्हणाली, अगदी असंच होतं, लॉबस्टरचा तर वीट आला होता.

मग ती म्हणाली, की मुलगा अगदीच खोटं बोलत नाही, एक ताट खरंच रिकामं होतं. ते त्याचं. होडी किनाऱ्याला बांधलेली, त्याचे वडील दिवसभर खिडकीशी बसलेले, म्हणून नाताळला ये असं त्याला पुन्हापुन्हा फोनवर विनवलं. तो टोरांटोत पुस्तक लिहीत होता. ईस्टरच्या आधी वडील गेले, तेव्हाही ते ताट आपण उचललं नव्हतं, असं तिने सांगितलं.

या वेळी बाईंना हुंदका आला नाही. त्यांनी यंत्र नीट चालू आहे ना, एवढं पाहिलं.

रविवारी सकाळी रेडिओवर लागणार आहे. आई चर्चला जाणार आहे, ती ऐकणार नाही. तू ऐक.

लोभाचं त्यानंतर बघू.

फिलोमिना