आजपासून गाडी तू ने

ठमे,

मी बसने कामाला गेलोय. आजपासून गाडी तू ने. चिठ्ठी हेल्मेटात ठेवतोय, म्हणजे तुझ्याच हाती लागेल.

शंभर सीसीची साधी गाडी आहे, बटणाने चालू होण्याचा थाट नाही. संध्याकाळी चक्कर मारायला नेतेस तेव्हा ती तापलेली असते; सकाळी आधी चोक ओढ, मग शांतपणे किक मार. चिडून लाथा घातल्यास तर दिवसभर रुसते, तुझ्यासारखीच. पेट्रोलचा काटा कधीच मेलाय, त्यामुळे गचके द्यायला लागली की कॉक रिझर्व्हवर फिरव. न्यूट्रलच्या दिव्यावर विसंबू नकोस.

मागचा ब्रेक आवळायला काल मेकॅनिककडे नेली होती. तो म्हणाला, काका, ब्रेक ठणठणीत आहे. म्हणजे गाडी आपल्या फाटकावर आपटली तेव्हा माझा पाय पेडलवर नव्हताच. शुगरने तळवा इतका बधिर झालाय की मला कळलंही नाही. आईला वाटतंय, फाटक दूधवाल्याच्या टेम्पोने ठोकलं. सध्या वाटू दे. सांगेन मीच, पण आज अंगात त्राण नाही.

आरसे तुझ्या उंचीला लावून ठेवलेत. घरी आल्यावर नेहमीसारखे माझ्यासाठी परत फिरवून ठेवू नकोस.

बाबा