फैजलचा साठ कोटींचा सिनेमा

३ फेब्रुवारी, पेण
पेपरात फैजलची मुलाखत. साठ कोटींचा सिनेमा, शूटिंग रोह्यात. "मालिकांमधून खूप शिकलो," म्हणे. कोणाच्या मालिकांमधून, ते गिळलं. तीन वर्षं माझा असिस्टंट होता. क्लॅप कशी द्यायची तेसुद्धा मी शिकवलं.
माझी मालिका चॅनेलला कळली नाही म्हणून बंद पडली. तेव्हापासून वडिलांचा गणपतीचा कारखाना बघतोय. तात्पुरता. सहा वर्षं झाली.
सूड घेणार.

५ फेब्रुवारी
देव आहे! फैजलच्या प्रॉडक्शनची ऑर्डर आमच्याच कारखान्यात. क्लायमॅक्ससाठी बारा फुटी मूर्ती. मालक कोण, त्यांना पत्ता नाही. मनाली म्हणाली, गप मूर्ती देऊन मोकळे व्हा. बायकोला सिनेमातलं काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी
मूर्ती तयार, डोळे सोडून. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती कारखान्यात एकटे केरूनाना करतात, वडिलांच्या वेळचे कारागीर. त्यांना म्हटलं, ब्रश ठेवा.
"बिनडोळ्यांचा देव भायेर नाय काढत, भाऊ."
मालक मी. काढला. उद्या सेटवर दोनशे माणसं आणि आंधळा गणपती. फैजल धावत कारखान्यात येणार. तासभर बाहेर बसवीन. मग अट: टायटलमध्ये 'गुरू' म्हणून माझं नाव. एकट्याचं.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
टेम्पो कोलाडला पोचला, रोहा आता जवळच. नवा शर्ट घातला.

दुपारी ४
फैजल नाही, त्याच्या असिस्टंटचा फोन. डोळे आखणाऱ्या कारागिराला घेऊन उद्या रोह्याला या. ठीक. तिथे जाऊन सगळ्यांसमोर नाही म्हणतो.

१६ फेब्रुवारी
फैजल खूश. जुना क्लायमॅक्स रद्द, आता डोळे आखतानाचाच शॉट. मला बघून वाकून पाया पडला, युनिटला सांगितलं, हे माझे सर. भांडायला जागाच ठेवली नाही हरामखोराने.
मग त्याने विचारलं, "सर, तुम्ही हा शॉट कसा घेतला असता?"
मी म्हटलं, "डोळ्यांवर झूम. तीनदा. प्रत्येक झूमला वीज."
तो हसला नाही. कॅमेरामनकडे जाऊन हळूच म्हणाला, "कॅमेरा अजिबात हलवायचा नाय."
केरूनाना शिडीवर चढले. एक डोळा, मग दुसरा. चार मिनिटं कोणी खोकलं नाही. मॉनिटरवर बघताना मला रडू आलं.
असा शॉट मला सुचला नसता. हे फक्त इथे लिहितोय.